असं जो म्हणतो

आमच्या रस्त्यावरच्या मेपलना रंग चढू लागला की दर चार वर्षांनी त्यांच्या बुंध्याशी आणखी एक पीक उगवतं. लॉनवरच्या निवडणुकीच्या पाट्यांचं. तारेच्या दोन पायांवर उभ्या असलेल्या, लाल-निळ्या, ठळक आडनावांच्या. परवा सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला गेले, तर समोरच्या घरापुढे पहिली पाटी आलेली दिसली. एका बाजूला भोपळे, दुसऱ्या बाजूला हॅलोवीनचा प्लॅस्टिकचा सांगाडा आणि मध्ये ती पाटी. घरात परत आले तर हीटिंग पहिल्यांदा सुरू केल्यावर जळक्या धुळीचा जो वास येतो, तो खोल्याखोल्यांतून फिरत होता. मी डायनिंग टेबलाशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की मी टीव्ही लावायचा टाळते आहे.

दोन हजार चारचा तो ऋतू असाच आला होता. आम्हाला नेपरव्हिलमध्ये येऊन फार दिवस झाले नव्हते. माझा नवरा नीरज सकाळच्या गाडीने शिकागोला जायचा आणि अंधार पडता पडता परत यायचा. माझा व्हिसा डिपेन्डंटचा. नोकरी करायची परवानगी नाही, मत द्यायचा तर प्रश्नच नाही. दहावीपर्यंत नागरिकशास्त्राला नाकं मुरडणारी मी, त्या वर्षी दिवसभर दुसऱ्यांच्या निवडणुकीच्या बातम्या बघत बसायचे. आमच्या लहानपणी बातम्या म्हणजे एक बाई, खांद्यावर नीट पिन केलेला पदर आणि कुणाबद्दलच काही मत नसलेला आवाज. इथे पडद्याचे चार तुकडे केलेले, चारही तुकड्यांत एकेक माणूस ओरडतोय, खालून शब्दांची गाडी सरकतेय, आणि कोपऱ्यात दहशतवादी हल्ल्याचा धोका सांगणारा सरकारी रंग, भीतीचा. आज पिवळा की नारिंगी. देशाने आज किती घाबरायचं ते रंगावरून कळायचं, तापमानासारखं. पहिले काही दिवस मी चकित होऊन बघायचे. मग नुसतीच बघायचे.

यातून मला बाहेर काढलं ते दामलेकाकांनी. डॉक्टर दामले आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेले, तरुणपणी सांगलीहून आलेले आणि इथे चांगले मुरलेले. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," ते म्हणायचे, "आता जागं करण्याचं काम घेतलंय." काम म्हणजे त्यांच्या बेसमेंटमध्ये आठवड्यातून दोनदा भरणारा वर्ग. मुलांनी इकडे बोलावून घेतलेले आईवडील सिटिझनशिपच्या परीक्षेला बसायचे. इंग्रजीतून मुलाखत, इंग्रजीतून प्रश्न. त्यांची तयारी काका करून घ्यायचे. एकदा त्यांनी मला रस्त्यात गाठलं आणि म्हणाले, "घरी बसून टीव्हीशी भांडतेस म्हणे. नीरज सांगत होता. त्यापेक्षा ये खाली, माझ्या म्हाताऱ्यांना उच्चार शिकव."

पिंगपाँगच्या टेबलाभोवती घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या. ड्रायरचा उबदार, साबणाचा वास. वरून सुमनकाकूंच्या भाजणीचा खमंग वास, कारण दिवाळी तोंडावर. आणि खाली नागपूरचे, पुण्याचे, बडोद्याचे आजी-आजोबा एका सुरात अमेरिकेच्या राज्यघटनेची उत्तरं म्हणतायत. या देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? राज्यघटना. राज्यघटनेतल्या बदलाला काय म्हणतात? दुरुस्ती. राष्ट्राध्यक्षाला कोण निवडतं?

"पब्लिक," असं सगळे एकदम म्हणाले.

"चूक," काका म्हणाले. "इलेक्टोरल कॉलेज."

"कुठल्या गावाला आहे ते कॉलेज?" नागपूरच्या एका आजोबांनी विचारलं.

काकांनी खडू घेतला आणि फळ्यावर सगळं समजावलं. राज्यं, त्यांचे प्रतिनिधी, जास्त मतं मिळूनही हरता येतं ते, आणि आपल्या इलिनॉयचा कौल बहुतेक आधीच ठरल्यासारखा असतो तेही. आजोबा सुन्न होऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आम्ही एवढं इंग्रजी शिकून शपथ घ्यायची, आणि निवडणार दुसरेच?" सगळे हसले. काकाही हसले, पण लगेच गंभीर झाले. "मत देणं हा एक भाग झाला, साहेब. खरी गोष्ट त्या पहिल्या दहा दुरुस्त्यांत आहे. सरकारला तुमच्या घरात कधी येता येणार नाही, ते तिथे लिहिलंय. मी त्यासाठी इथे राहिलो."

पहिल्या रांगेत शमीमआपा बसायच्या. मिरजेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, मुलाकडे राहायला आलेल्या. अंगाने बारीक, डोक्यावर ओढणी आणि उच्चार एकदम शुद्ध, मराठीचे आणि इंग्रजीचेही. बाकीचे फक्त परीक्षेच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करायचे. आपांनी दुरुस्त्या क्रमाने पाठ केल्या होत्या. "काका, चौथी मला फार आवडते," त्या म्हणायच्या, एखादी कविता आवडावी तशा. घरझडतीविरुद्धची ती चौथी दुरुस्ती. ती त्यांना का आवडते, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

निवडणुकीच्या आधी काही आठवडे एका चॅनेलची गाडी काकांच्या घरापुढे उभी राहिली. 'नवे नागरिक काय म्हणतात' अशी काहीतरी बातमी त्यांना करायची होती. डोक्यावर तबकडी असलेली ती पांढरी गाडी बघायला सगळी गल्ली बाहेर आली. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली. वर्गातल्या आज्या पावडर लावून आल्या. वार्ताहर मुलगी फार गोड होती. तिने चपला दाराशी काढल्या, चकली खाल्ली, सगळ्यांची नावं विचारली. मग काकांना खुर्चीवर बसवून कोटाला माइक लावला आणि विचारलं, की देशापुढे इतका मोठा धोका असताना काही हक्क थोडे मागे ठेवावे लागतील का.

काका इंग्रजी उत्तम बोलायचे. पण शब्द इंग्रजी आणि चाल मराठी. आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण मांडायचं, मग ते उलटवायचं, अशी त्यांची पद्धत. ते शांतपणे म्हणाले, "भीतीच्या काळात राज्यघटना थोडे दिवस कपाटात ठेवायला हरकत नाही, असं जो म्हणतो, त्याला राज्यघटना कळलेलीच नाही. ती भीतीच्या काळासाठीच लिहिली आहे." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी खोलीतच होते, कॅमेऱ्याच्या वायरवरून पाय बाजूला घेऊन उभी. ते वाक्य मी पूर्ण ऐकलं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे काकांकडे टीव्हीपुढे जमलो. आधी आमचा मेपल दिसला, मग बेसमेंटचा जिना, पिंगपाँगचं टेबल. आज्या स्वतःला बघून हसत होत्या. मग निवेदकाचा खर्जातला आवाज, आणि त्यावर काकांचा: भीतीच्या काळात राज्यघटना थोडे दिवस कपाटात ठेवायला हरकत नाही. हे शब्द येत असताना पडद्यावर काका नव्हतेच. पडद्यावर शमीमआपांचा चेहरा होता. अगदी जवळून, डोक्यावरची ओढणी, फळ्याकडे लागलेले डोळे. मग क्षणभर काकांचा मिटलेल्या ओठांचा चेहरा, आणि पुन्हा स्टुडिओ.

मला आधी काही कळलंच नाही. आपल्या भाषेत वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद येईपर्यंत थांबायची आपल्या कानांना सवय असते. मी थांबले होते, पुढचं यायची वाट बघत. तोपर्यंत पडद्यावर उद्याचं तापमान आलं होतं.

 काकूंच्या हातात चहाचा ट्रे तसाच. काका टीव्हीकडे बघत होते, जणू त्यांचं वाक्य आत कुठेतरी अडकलंय आणि आता बाहेर पडेल. मग ते इतकंच म्हणाले, "पण मी असं म्हटलं नाही."

"तुम्हाला किती वेळा सांगितलंय," काकू ट्रे ठेवत म्हणाल्या.  "आधी 'नाही' म्हणून टाकत जा. मग काय ते सविस्तर समजवा."

मी शमीमआपांकडे बघितलं. त्या कोपऱ्यात उभ्या राहून कोट चढवत होत्या. एक बटण त्यांच्या बोटांना सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना पानं गोळा करायला मदत करत होते. ओल्या पानांचा तो कुजकट-गोड वास, लांब दांड्याच्या रेकचा घासल्यासारखा आवाज. शेजारचे वॉल्टर कुंपणाच्या बाजूने आले, हातात बायकोने केलेला ॲपल पाय घेऊन. वॉल्टर म्हणजे काकांचे इथले सगळ्यात जुने मित्र. हायस्कूलमध्ये इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. काका स्वतः सिटिझनशिपच्या परीक्षेला बसले, तेव्हा त्यांची तयारी वॉल्टरनीच करून घेतली होती, याच ड्राइव्हवेमध्ये, बर्फ उपसता उपसता. राज्यघटनेची प्रस्तावना काकांना पाठ होती ती वॉल्टरच्या आवाजात.

"डॉक, काल तुला पाहिलं," वॉल्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "अभिमान वाटला. आम्ही सगळे मनात ठेवतो, ते तू बोललास."

काकांनी रेक झाडाला टेकवला. "वॉल्टर, त्यांनी अर्धं कापलं. मी बरोबर उलट म्हणालो होतो." आणि त्यांनी संपूर्ण वाक्य म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मला वाटलं, आता वॉल्टर चिडतील, त्या चॅनेलला नावं ठेवतील. वॉल्टरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच थोडा वेळ राहिलं. मग ते म्हणाले, "उलट कशाला म्हणायचं? दाखवलं तेच बरोबर होतं."

"तू? तू आयुष्यभर मुलांना काय शिकवलंस?"

"शिकवलं. तेव्हा माझा नातू लढाईवर, वाळवंटात नव्हता, डॉक." वॉल्टरनी ॲपल पायची डिश काकांच्या हातात दिली, फार हळुवारपणे. "तो घरी येऊ दे. मला बाकी काही नको. मग उघडू आपण कपाट."

"आणि तोवर किल्ली कोणाकडे द्यायची?"

 वॉल्टर काकांच्या खांद्यावर थोपटून परत गेले. काका डिश हातात धरून उभे. ॲपल पाय अजून गरम होता, त्याची वाफ दिसत होती. मी म्हटलं, "काका, आत चला." ते म्हणाले, "कापलं त्याचा राग येऊन गेला गं. मला आता भीती कसली वाटतेय माहितीये? कापलेलं लोकांना आवडलंय."

आणि खरंच आवडलं होतं. फोन येत राहिले. आपल्याच मंडळींचेही. "काका, एकदम करेक्ट बोललात," असं एकजण उत्साहाने म्हणाला. काकांनी त्यालाही पूर्ण वाक्य ऐकवलं. तो म्हणाला, "हो, पण हक्क काढून घेतले तरी ते आपल्याला थोडंच अप्लाय होतं?" काकांनी रिसीव्हर ठेवला तो इतका हळू, की मला वाटलं त्यांना बरं नाही.

त्यांनी चॅनेललाही फोन केला. मी शेजारी बसले होते, स्पीकर सुरू होता. पलीकडची बाई अतिशय आनंदली. प्रेक्षकांचा रिस्पॉन्स फार छान आहे म्हणाली, डॉक्टर चर्चेसाठी स्टुडिओत येतील का? काकांनी सांगितलं, की त्यांचं मत दाखवलं त्याच्या विरुद्ध आहे, आणि तेच सांगायला ते आनंदाने येतील. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्या बाजूसाठी आमच्याकडे आधीच एक पाहुणे आहेत, सर."

तिच्या आवाजात जराही लबाडी नव्हती. मला आजही तेच आठवतं. खुर्च्या दोन, बाजू दोन, आणि एका खुर्चीवर काकांच्या चेहऱ्याचा माणूस बसवायचाय. माणूस कोण, तो काय म्हणतो, हे त्या मांडणीत कुठे बसतच नव्हतं.

त्या दुपारी काकांनी मला पंचाहत्तर सालची गोष्ट सांगितली. वडिलांच्या आजारपणामुळे ते सांगलीला गेले होते आणि नेमकी आणीबाणी लागली. त्यांचा धाकटा भाऊ कॉलेजात शिकवायचा. कुठल्याशा सभेत बोलला म्हणून पहाटे घरातून नेला, येरवड्याला. घरी येणारे लोक चहा पीत सांगायचे, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, गाड्या बघा कशा वेळेवर धावतायत. "आणि पेपर," काका म्हणाले. "सुरुवातीला काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. रोज सकाळी बाबांना उशीला टेकवून बसवायचो आणि ते त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवायचे. म्हणायचे, इथे काहीतरी होतं. मग कोरी जागासुद्धा सोडायची नाही असा हुकूम निघाला." ते खिडकीतून वॉल्टरच्या घराकडे बघत होते. "परवा मी टीव्हीवर माझंच वाक्य बघितलं. कुठे कोरी जागा दिसली तुला? किती सफाईने शिवलं होतं. आणि इथे तर कुणी हुकूमही काढलेला नाही."

भाऊ पुढे सुटला. पण जेवताना दाराकडे बघायची त्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही, म्हणाले.

आता मी हे लिहिते आहे तेव्हा पडद्यावरच्या चार चौकोनांचे आठ झालेत. दामलेकाका-काकू घर विकून लेकीकडे, पार पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला राहायला गेले. मधूनमधून फोन होतो. "पाट्या लागल्या का तिकडे?" काका विचारतात. वॉल्टर आहेत अजून. त्यांचा नातू परत आला, सुखरूप म्हणावं असा. तो आला तेव्हा काका बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. वॉल्टरनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. कपाटाचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. त्या निवडणुकीनंतरच्या अख्ख्या हिवाळ्यात ते एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते. पण प्रत्येक हिमवादळानंतर काकांचा ड्राइव्हवे सकाळी साफ झालेला असायचा, आणि वॉल्टरच्या बुटांचे ठसे त्यांच्या दारापर्यंत गेलेले असायचे. माणसाला एका डब्यात टाकून झाकण लावता येत नाही, हे मला त्या ठशांनी शिकवलं. टीव्हीने ते मला कधीच सांगितलं नसतं.

तेव्हा, त्या बातमीनंतर, वर्ग मात्र रोडावला. शमीमआपा त्या दिवसानंतर आल्याच नाहीत. फोन केला तर मशीन लागायचं. त्यांची सिटिझनशिपची मुलाखत तर काही महिन्यांवर आलेली. शेवटी काका म्हणाले, "मला घेऊन चल." त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, गाडी मीच चालवली. मक्याची कापलेली शेतं, त्यांच्या कडेला नवी टाउनहाउसं, सगळी एकसारखी. दार आपांच्या मुलाने, साजिदने उघडलं. सॉफ्टवेअरमध्ये होता, माझ्या नवऱ्याच्या वयाचा. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पण स्वतः उभाच राहिला.

काकांनी उठून हात जोडले. "शमीमबाई, ते वाक्य माझं नव्हतं. अर्धंच—"

"काका, हे काय? बसा आधी," आपा म्हणाल्या. "मी तिथेच पहिल्या रांगेत होते ना. तुमचं पूर्ण वाक्य मी ऐकलंय. त्यासाठी कशाला मी यायची थांबेन?"

"मग?"

आपांनी मुलाकडे बघितलं. साजिद म्हणाला, "मी थांबवलं. काका, तुम्ही चांगले आहात, आय नो. पण त्यांनी तुमच्या वाक्यावर माझ्या आईचा चेहरा लावला. ऑफिसात एकाने विचारलं, ती बाई कोण? नुसतं विचारलं त्याने. पण मला कळतं ना." त्याने दाराकडे बघितलं. "दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर सरकारी चौकशीला दोघं घरी आले होते. सूट-बूट, फार पोलाइट. मी सिटिझन आहे, पासपोर्ट दाखवला. तरी तासभर विचारत होते, कुठे जातो, कोणाला पैसे पाठवतो. हिने त्यांना चहा केला."

"पाहुणे होते ना," आपा म्हणाल्या. मग खाली बघून, "त्यांनी मला विचारून घरात पाऊल टाकलं. मी या म्हटलं. नको म्हणता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते तुमच्या वर्गात कळलं, काका. चौथीत."

 मी जी गोष्ट पाठांतर म्हणून ऐकत आले होते, ती एका बाईने स्वतःच्या दाराशी लावून बघितली होती.

 काका साजिदला म्हणाले, "मी इथे येऊन शिकवू? बाईंची परीक्षा बुडायला नको."

"ओके. पण काका, नो पॉलिटिक्स."

"राज्यघटना शिकवायची आणि पॉलिटिक्स नको?"

आपा हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्यासारख्या. साजिदलाही हसू आवरेना, पण त्याने ते दिसू दिलं नाही.

निवडणुकीच्या दिवशी मी काका-काकूंना मतदानाला नेलं. एका शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र होतं, फरशीच्या मेणाचा आणि मुलांच्या घामाचा वास. मी दाराबाहेर थांबले, मला आत काही काम नव्हतं. रांगेत काका आणि वॉल्टर एकामागे एक आले होते. दोघं छताकडे बघत उभे होते. संध्याकाळी टीव्हीवर देशाचा नकाशा रंगत गेला, एकेक राज्य बदकन लाल नाहीतर निळं व्हायचं, आणि प्रत्येक रंगाबरोबर एक धून वाजायची. कोण आलं, कोण गेलं, त्यावर आमच्या घरात पुष्कळ चर्चा झाली, नीरज हातवारे करकरून बोलला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र इलिनॉयच्या त्या एका रंगात एकाच रांगेत उभी असलेली ती दोन म्हातारी माणसं होती.

सगळा हिवाळा काका आपांकडे जात राहिले. मीच न्यायचे. मुलाखत झाली त्या दिवशी आपा नाराज होऊन बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, नापास. तर म्हणाल्या, "झेंड्याचे रंग विचारले हो. आणि पहिला राष्ट्राध्यक्ष. मी सगळ्या दुरुस्त्या क्रमाने म्हणायला तयार होते, त्यांनी एकही विचारली नाही."

शपथविधी वसंतात होता, शिकागोत, फेडरल कोर्टाच्या वरच्या मजल्यावर. लाकडी भिंतींचं मोठं दालन, जगभरातली माणसं, लग्नाला आल्यासारखे कपडे. आपांनी इरकलीसारख्या काठाची ओढणी घेतली होती. मी आणि काका मागे पाहुण्यांच्या बाकावर. साजिद दाराजवळ भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा, गाडीच्या किल्ल्या मुठीत. तो इथे येईल असं आपांनाही वाटलं नव्हतं. बाहेर कॅमेरे असतात म्हणून तो येणार नाही म्हणाला होता.

न्यायाधीश बाई आल्या. नव्या नागरिकांनी उभं राहून उजवा हात वर करावा, म्हणाल्या. हातच हात वर गेले. आपांच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या. मी शेजारी बघितलं, तर काका उभे होते आणि त्यांचाही हात वर होता.

गार्ड लगबगीने आला. "सर, फक्त नवे नागरिक."

"माहीत आहे," काका हळूच म्हणाले. "मी मागेच घेतली आहे. पुन्हा घेतोय."

गार्डने त्यांच्याकडे बघितलं आणि तो बाजूला झाला.

शपथ एकेक तुकड्याने पुढे गेली. राज्यघटनेचं रक्षण करीन, बाहेरच्या आणि आतल्या सर्व शत्रूंपासून. 'आतल्या' या शब्दावर काकांचा आवाज बाकीच्यांच्या वर गेला. पुढच्या बाकांवरच्या काहीजणांनी वळून बघितलं. आपांनीही. माझे दोन्ही हात मांडीवर होते, त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

मग टाळ्या झाल्या, छोटे झेंडे हलले, माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. काका तसेच उभे होते, हात वर. मी त्यांना हाक मारणार, तेवढ्यात साजिद भिंतीपासून निघून आमच्या बाकाशी आला. त्याने त्यांचं मनगट धरलं.

"काका, झाली शपथ. हात खाली घ्या."

"झाली?" काकांनी विचारलं.

"आईची झाली."

"आणि तुझी?"

साजिदने किल्ल्या खिशात टाकल्या. आणि लिफ्टपर्यंत जाताना, एवढ्या गर्दीत, त्याने काकांचा हात सोडला नाही.